मुद्दुपळनीचे काव्य आणि सभ्यतेचा पहारा

अठराव्या शतकाच्या मध्यास तंजावरच्या मराठी राजदरबारात मुद्दुपळनी नावाच्या एका गणिकेने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले, आणि ज्या समाजात तिने ते रचले त्या समाजाने तिला विदुषी म्हणून मान दिला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या, विधवांचे पुनर्विवाह होऊ लागले होते आणि मासिकांतून स्त्रीशिक्षणावर निबंध छापले जात होते त्या काळात, त्याच काव्याच्या प्रती पोलिसांनी छापखान्यातून जप्त केल्या आणि ते बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरला. परंपरा स्त्रीला गप्प बसवते आणि आधुनिकता तिला बोलते करते, अशी जी सरळ मांडणी नेहमी केली जाते ती या उदाहरणापुढे टिकत नाही. मुद्दुपळनीच्या काव्याला जी परंपरा आडवी आली तिचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवलेला होता, आणि तो घडवणाऱ्यांत स्त्रियांच्या हितासाठी आयुष्य वेचणारी माणसेही होती.

तंजावरचे मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात स्थापन केले. कावेरीच्या खोऱ्यातील या सुपीक मुलखात प्रजेची भाषा तमिळ होती, राज्यकर्त्यांच्या घरची भाषा मराठी होती, शास्त्रचर्चा संस्कृतात चालत असे, आणि काव्य, संगीत व नृत्य यांची प्रतिष्ठित भाषा तेलुगू होती. तेलुगूला हे स्थान मराठ्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांनी मिळवून दिले होते; नायक मूळचे विजयनगर साम्राज्याचे तेलुगूभाषक सरदार, आणि त्यांच्यामागून आलेल्या भोसल्यांनी ही दरबारी संस्कृती मोडून न काढता आपलीशी केली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी स्वतः तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत नाट्यरचना केली. महाराष्ट्रातील वाचकाला तंजावर आठवते ते मुख्यतः सरस्वती महाल ग्रंथालयामुळे किंवा बृहदीश्वराच्या देवळातील सर्फोजी राजांच्या प्रदीर्घ मराठी शिलालेखामुळे; पण ज्या दरबारात तेलुगू साहित्याचा एक संपूर्ण कालखंड घडला तो दरबारही मराठी होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. मुद्दुपळनी ही या दरबारातील प्रतापसिंह राजांच्या, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळातील, कवयित्री होय.

तिच्या आधीही तेलुगूत स्त्रियांनी काव्य लिहिले होते. पदकर्ते अन्नमाचार्य यांच्या पत्नी ताळ्ळपाक तिम्मक्का यांचे ‘सुभद्रा कल्याणमु’ आणि कुंभार घराण्यात जन्मलेल्या मोल्ला यांचे रामायण ही त्यांतली ठळक उदाहरणे. तंजावरात तर नायकांच्या काळापासून विदुषी गणिकांची परंपराच होती. रघुनाथ नायकाच्या दरबारातील रामभद्रांबेने राजाच्या पराक्रमावर संस्कृत महाकाव्य लिहिले, आणि विजयराघव नायकाच्या दरबारातील रंगाजम्मा हिला काव्य व नाट्यरचनेबद्दल कनकाभिषेकाचा, म्हणजे सुवर्णनाण्यांनी न्हाऊ घालण्याचा, सन्मान मिळाला होता. तेव्हा मुद्दुपळनी ही ओसाड माळावर अचानक उगवलेली कवयित्री नव्हती. तिच्यामागे स्त्रियांची वाचनाची, गाण्याची आणि रचनेची एक अखंड वाट होती, आणि तिला या वाटेची पुरेपूर जाणीव होती.

गणिका या शब्दाचा येथे नेमका अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. दक्षिणेतील देवालये आणि दरबार यांच्याशी जोडलेल्या नर्तकी-गायिकांच्या समाजात मुलीला देवतेच्या नावाने वाहिले जाई, किंवा ती कलेच्या शिक्षणानंतर राजाश्रयास येई. तिचा रूढ अर्थाने विवाह होत नसे. तिचा पती देव असल्यामुळे ती कधीही विधवा होत नसे, म्हणून तिला ‘नित्यसुमंगली’, म्हणजे कायम सौभाग्यवती, मानले जाई आणि मंगलप्रसंगी तिची उपस्थिती शुभ समजली जाई. या समाजात मालमत्ता आईकडून मुलीकडे जाऊ शकत होती, मुलींना दत्तक घेता येत होते, आणि मुलीला लहानपणापासून संस्कृत, तेलुगू, संगीत व नृत्य यांचे शिक्षण मिळत होते. त्याच काळातील प्रतिष्ठित घरांतील बहुतेक गृहिणींना अक्षरओळखही नव्हती आणि पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्याला येणारे जिणे सर्वांना ठाऊक होते. अर्थात गणिकेचे हे स्वातंत्र्य मोठ्या अटींवर मिळालेले होते: राजाची मर्जी फिरली की आश्रय संपे, वय सरले की दरबारातील स्थान ओसरे, आणि आपण या व्यवसायात जन्म घ्यावा की नाही हे विचारण्याची संधी कोणत्याही मुलीला नव्हती. ज्या एका जागी स्त्रीला लेखणी हाती धरू दिली जात होती ती जागा कुटुंबसंस्थेच्या बाहेर होती, आणि बाहेर असण्याची किंमत तिने आयुष्यभर मोजलेली असे.

‘राधिका सांत्वनमु’ हे शृंगारप्रबंध या प्रकारातील काव्य आहे. प्रबंध म्हणजे ठरावीक संकेतांनुसार रचलेली, विविध वृत्तांतील दीर्घ कथात्मक रचना, आणि शृंगारप्रबंधात तिचा प्रधान रस शृंगार असतो. तंजावरच्या तेलुगू साहित्यात हा प्रकार विशेष बहरला. मुद्दुपळनीच्या काव्यात ५८४ पद्ये असून ती चार भागांत विभागलेली आहेत. प्रबंधाच्या आरंभी ‘अवतारिका’ नावाची प्रस्तावना असते. तीत कवी इष्टदेवतेला वंदन करतो, पूर्वसूरींचे स्मरण करतो, आपल्या वंशाचे वर्णन करतो आणि काव्य ज्याला अर्पण केले त्या आश्रयदात्याची स्तुती करतो. तेलुगू परंपरेत काव्य ही कवीची कन्या आणि ते स्वीकारणारा राजा किंवा धनिक हा तिचा पती, म्हणजे ‘कृतिभर्ता’, अशी कल्पना रूढ आहे. हा सारा संकेत पुरुष कवी आणि पुरुष आश्रयदाता गृहीत धरून तयार झालेला होता, आणि मुद्दुपळनीने तो पाळता पाळता आतून बदलला.

तिने आपले काव्य कोणत्याही राजाला न देता श्रीकृष्णाला अर्पण केले. वंशवर्णनात तिने आपली आजी तंजनायकी हिला मानाचे स्थान दिले, घरातील स्त्रियांच्या विद्वत्तेचा गौरव केला आणि आपली ओळख स्त्रियांच्या नात्यांतून सांगितली. त्याहून धीटपणाची गोष्ट म्हणजे तिने स्वतःविषयी जे लिहिले ते. आपले रूप, आपली विद्वत्ता, विद्वानांना आपण केलेली दाने आणि पंडितांनी आपल्याला अर्पण केलेले ग्रंथ यांचा उल्लेख ती निःसंकोचपणे करते, आणि असा मान आपल्यासारख्या दुसऱ्या कोणत्या स्त्रीच्या वाट्याला आला आहे, असा प्रश्न करते. पंडितांनी तिला ग्रंथ अर्पण करणे याचा अर्थ असा की ज्या आसनावर राजे बसत त्या कृतिभर्त्याच्या आसनावर एक गणिका बसली होती. पुरुष कवींच्या अवतारिकांत आत्मस्तुती ही नेहमीची बाब आहे आणि ती वाचताना कोणाला खटकत नाही. मुद्दुपळनीची आत्मस्तुती मात्र पुढे तिच्या उद्धटपणाचा पुरावा मानली गेली.

काव्याची कथा व्यासपुत्र शुक जनक राजाला सांगतो, अशी चौकट आहे. राधा ही येथे गोकुळातली कोवळी गवळण नाही. ती प्रौढ, अनुभवी आणि कृष्णावर दीर्घकाळ प्रेम केलेली स्त्री आहे. तिने इलादेवी नावाच्या मुलीला लहानाचे मोठे केले आहे आणि आता ती स्वतःच इलेचा विवाह कृष्णाशी लावून देते. नववधूने पतीशी कसे वागावे हे ती इलेला समजावून सांगते आणि इलेच्या मनाला जपावे असे कृष्णालाही बजावते. हे सारे कर्तव्यबुद्धीने पार पाडल्यानंतर ती एकटी उरते, आणि मग जे तिने स्वतःच्या हाताने दिले त्याचाच विरह तिला असह्य होतो. कृष्ण इलेच्या सहवासात रमतो, परत येण्यास विलंब करतो, आणि राधेचे दुःख संतापात बदलते. ती त्याला दूषणे देते, त्याच्या वचनांचा हिशोब मागते, आणि तो आल्यावर सहजासहजी प्रसन्न होत नाही. शेवटी कृष्ण तिची मनधरणी करतो, आणि याच अखेरच्या प्रसंगावरून काव्याला नाव मिळाले आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात अशा रुसव्याला ‘मान’ म्हणतात, आणि प्रियकर दुसरीकडे रमल्यामुळे दुखावलेल्या नायिकेला ‘खंडिता’ असे नाव आहे. तेव्हा मुद्दुपळनीने वापरलेली सामग्री तशी जुनीच होती. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त कृष्ण राधेची मनधरणी करतो, आणि मुद्दुपळनीने ते काव्य तेलुगूत आणले होते असेही सांगितले जाते. नंदी तिम्मनाच्या सोळाव्या शतकातील ‘पारिजातापहरणमु’ या तेलुगू काव्यात रुसलेल्या सत्यभामेपुढे कृष्ण नमतो. मुद्दुपळनीचे वेगळेपण आहे ते केंद्र हलवण्यात. तिची राधा ही एकाच वेळी आईसारखी, सवतीसारखी आणि प्रेयसीसारखी आहे; तारुण्य ओसरू लागलेल्या स्त्रीची इच्छा ही हास्यास्पद किंवा लाजिरवाणी गोष्ट नाही, हे या काव्यात गृहीतच धरलेले आहे. शृंगारात पुढाकार स्त्रीकडे आहे आणि तिच्या सुखाला काव्यात स्वतंत्र मूल्य आहे. इला आणि राधा या परस्परांच्या स्पर्धक असूनही कवयित्रीने त्यांना एकमेकींच्या शत्रू केले नाही, ही तर या काव्यातील सर्वांत सूक्ष्म गोष्ट म्हणावी लागेल, कारण सवतीमत्सराचा ठोकळेबाज खेळ रंगवणे तिला सहज शक्य होते. राधेचा राग इलेवर नाही, तो कृष्णावर आहे, आणि काही अंशी स्वतःच्याच औदार्यावर आहे.

या त्रिकोणात प्रतापसिंह राजे, तंजनायकी आणि स्वतः मुद्दुपळनी यांच्या नात्यांची छाया शोधण्याचा प्रयत्नही झाला आहे. दरबारातील अनुभव काव्यात उतरला असणे अशक्य नाही. परंतु पुरुषाने विरहिणीचे मन रंगवले की तिथे कल्पनाशक्ती दिसते आणि स्त्रीने रंगवले की तिचे चरित्र धुंडाळले जाते, ही वाचनाची सवय तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या स्त्रीने आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे तेलुगूत रूपांतर केले तिची वाङ्मयीन दृष्टी केवळ आत्मकथनापुरती मर्यादित होती असे मानण्यास आधार नाही. आंडाळ ही तमिळ वैष्णवांच्या बारा आळ्वार संतांपैकी एकमेव स्त्री. मानवी पती नाकारून तिने विष्णूलाच वर मानले आणि ती भावना निर्भीडपणे काव्यात मांडली. मुद्दुपळनीने तिची निवड करण्यात आपल्या वाङ्मयीन कुळाची निवड केली होती. तिने सात ओळींची ‘सप्तपदे’ही रचली, परंतु ती आज उपलब्ध नाहीत.

स्त्रीच्या तोंडून शृंगार बोलवणे हा भारतीय भाषांतील पुरुष कवींचा आवडता प्रघात होता. तेलुगूत अन्नमाचार्य आणि क्षेत्रय्या यांनी नायिकेच्या भूमिकेतून शेकडो पदे रचली. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, कारण उत्तर पेशवाईतील राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांनी लावणीत विरहिणीचे, रुसलेल्या प्रियेचे आणि अधीर नवतरुणीचे बोल इतक्या तन्मयतेने बांधले की पुढे त्या रचना त्यांच्या प्रतिभेचे गमक ठरल्या. या लावण्या गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या स्त्रियांना समाजाने हीन लेखले, पण रचणाऱ्या पुरुषांना वाङ्मयाच्या इतिहासात प्रकरणे मिळाली. मुद्दुपळनीच्या बाबतीत गाणारी आणि रचणारी एकच होती, आणि संघर्षाचे मूळ नेमके येथे आहे: शब्द जुने होते, रस जुना होता, नायिकाही जुनी होती; फक्त कर्तृत्वाच्या जागी पुरुषाऐवजी स्त्री उभी होती.

अठराव्या शतकात हे कोणाला खटकल्याचा पुरावा नाही. खटकू लागले ते छापखान्याच्या काळात. इंग्रज अधिकारी आणि तेलुगूचे थोर अभ्यासक चार्ल्स फिलिप ब्राउन यांनी जी असंख्य हस्तलिखिते मिळवली त्यांत हे काव्यही होते, आणि त्यांचे सहकारी पैडिपाटी वेंकटनरसू यांनी १८८७ मध्ये ते छापले. परंतु या आवृत्तीत अवतारिका गाळलेली होती आणि काही पद्येही वगळलेली होती. शृंगारिक भाग गाळण्यामागील हेतू समजू शकतो; आजीचा, घरातील विदुषींचा आणि स्वतःच्या कीर्तीचा वृत्तांत गाळण्याने मात्र काव्यामागची स्त्रीच पुसली गेली.

याच सुमारास मद्रास इलाख्यात समाजसुधारणेची चळवळ जोरात होती आणि तिचे अग्रणी होते कंदुकूरी वीरेशलिंगम. १८७४ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, १८८१ मध्ये राजमहेंद्री येथे विधवाविवाह घडवून आणला, त्यासाठी बहिष्कार सोसला, आणि तेलुगू गद्याला आधुनिक रूप दिले; आंध्रात त्यांचे स्थान आपल्याकडील विष्णुशास्त्री पंडित किंवा महादेव गोविंद रानडे यांच्या तोडीचे आहे. ‘आंध्र कवुल चरित्रमु’ या तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात त्यांनी मुद्दुपळनीची नोंद घेतली आणि तिच्या विद्वत्तेची कबुलीही दिली. पण त्याचबरोबर तिला व्यभिचारिणी ठरवून, तिच्या काव्यातील अनेक भाग स्त्रीच्या तोंडून निघणे दूरच, तिच्या कानांवरही पडू नयेत असे आहेत, असा निर्णय दिला. वीरेशलिंगम यांच्या कार्याचे मोल या एका मताने कमी होत नाही. तरीही त्यांच्या सुधारणेत स्त्रीची जी प्रतिमा होती तिच्या मर्यादा येथे स्पष्ट दिसतात. शिकलेली, सुशील, पतीची सहचारिणी अशी नवी गृहिणी घडवण्यासाठी गणिकेपासून तिला काटेकोरपणे वेगळे काढणे त्या पिढीला आवश्यक वाटले, आणि १८९० नंतर मद्रासमध्ये सुरू झालेल्या ‘नाच’विरोधी चळवळीने समारंभांत नर्तकींना बोलावण्यावर बहिष्कार पुकारला. स्त्रीने वाचावे हे मान्य झाले, तिने काय लिहिले होते हे मात्र लपवावेसे वाटले.

या निर्णयाला आव्हान दिले ते बंगळूर नागरत्नम्मा यांनी. १८७८ मध्ये जन्मलेल्या नागरत्नम्मा याही देवदासी समाजातल्या. म्हैसूरच्या दरबारात नाव मिळवून त्या मद्रासला आल्या आणि कर्नाटक संगीतातील अग्रगण्य गायिका झाल्या. तेलुगू, संस्कृत आणि कन्नड या भाषा त्यांना अवगत होत्या. तंजावरच्या साहित्याविषयी तिरुपती वेंकट कवुलु या कविद्वयाने केलेल्या लेखनात त्यांना मुद्दुपळनीचा उल्लेख आढळला, आणि त्यांनी काव्याचा शोध सुरू केला. प्रथम १८८७ ची छापील प्रत मिळाली आणि नंतर हस्तलिखित हाती आले. दोन्ही ताडून पाहिल्यावर काय काय गाळले गेले हे त्यांच्या ध्यानात आले. गाळलेले सर्व भाग पूर्ववत करून त्यांनी १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु आणि पुत्र या ख्यातनाम प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. पाठभेद तपासून शुद्ध संहिता सिद्ध करणे हे पंडितांचे काम समजले जाई. ते एका गायिकेने केले, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच समाजातील एका स्त्रीचे नाव पुन्हा उभे करण्यासाठी.

या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नागरत्नम्मांनी वीरेशलिंगम यांना थेट उत्तर दिले. लज्जा आणि औचित्य ही बंधने केवळ स्त्रियांना आहेत काय आणि पुरुषांनी कितीही उघड वर्णने केली तरी ती काव्यगुणात जमा होतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि स्वतः वीरेशलिंगम यांनी ज्या ‘वैजयंतीविलासमु’सारख्या काव्याला मान्यता दिली त्यात याहून प्रखर शृंगार आहे, हे त्यांनी दाखवून दिले. युक्तिवाद म्हणून हे उत्तर आजही भक्कम आहे, कारण त्यांनी शृंगाराचे समर्थन करण्यात शक्ती न घालवता टीकाकाराचे निकष त्यालाच लावून पाहिले.

प्रतिसाद कठोर होता. एका वेश्येने लिहिले आणि दुसरीने संपादले, अशा आशयाची टीका ‘शशिलेखा’ या तेलुगू पत्रातून झाली. प्रकरण सरकारपर्यंत गेले. सरकारी भाषांतरकाराने निवडक भागांचे इंग्रजी भाषांतर करून ते अधिकाऱ्यांपुढे ठेवले, आणि १९११ मध्ये भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली, म्हणजे अश्लील पुस्तकांच्या विक्रीस शिक्षा ठरवणाऱ्या कलमाखाली, कारवाई झाली. संदर्भ, छंद आणि संकेत यांपासून तोडलेली पद्ये परक्या भाषेत परक्या अधिकाऱ्याने वाचली की काव्याचे काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अनेक तेलुगू पंडितांनी सरकारकडे निवेदन देऊन प्राचीन काव्यांना असा निकष लावल्यास संस्कृतातील मोठा भाग नष्ट करावा लागेल असे मांडले, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. प्रती जप्त झाल्या, प्रकाशनावर बंदी आली, आणि पुढची साडेतीन दशके हे काव्य उघडपणे मिळेनासे झाले. वाविळ्ळ संस्था १८५४ पासून संस्कृत-तेलुगू अभिजात ग्रंथ छापत होती. तिच्या छापखान्यावर पोलिसांनी पुढेही धाड घातली.

नागरत्नम्मांच्या भूमिकेकडे पाहताना या प्रश्नाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध मद्रासच्या विधिमंडळात लढणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आईही देवदासी समाजातलीच होती, आणि लहान मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद व्हावी हा त्यांचा आग्रह प्रत्यक्ष पाहिलेल्या दुःखातून आलेला होता. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रास इलाख्यात १९४७ मध्ये तसे कायदे झाले. नागरत्नम्मा आणि त्यांच्या सहकारी कलावतींनी या कायद्याला विरोध केला. आपल्याला सरसकट वेश्या ठरवून आपल्या कला, मालमत्ता आणि वारसाहक्क एका फटक्यात हिरावले जातील, अशी त्यांची भीती होती. मुलींचे शोषण थांबवणे अपरिहार्य होते, याबद्दल दुमत असू नये. पण शोषण थांबवताना त्या स्त्रियांच्या विद्येचा वारसा कलंक म्हणून पुसला गेला, आणि ज्या पदांवर व नृत्यावर त्यांची मालकी होती ते पुढे ‘शुद्ध’ करून प्रतिष्ठित घरांतील मुलींना शिकवले गेले, ही हानीही तितकीच खरी आहे.

बंदीनंतर नागरत्नम्मांनी आपली शक्ती दुसऱ्या कामाला लावली, आणि त्या कामाची जागा पुन्हा तंजावरचा परिसरच होता. त्यागराज हे कर्नाटक संगीतातील थोर संत-रचनाकार तंजावरजवळ तिरुवैयारु येथे १८४७ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या रचनाही तेलुगूतच आहेत. त्यांच्या समाधीची दुरवस्था झाल्याचे कळताच नागरत्नम्मांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतली आणि तेथे मंदिर उभारले. मंदिर त्यांच्या पैशातून उभे राहिले, तरी वार्षिक आराधना उत्सवात स्त्रियांना गाण्याची परवानगी नव्हती. तेव्हा १९२७ पासून त्यांनी समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली, आणि १९४० च्या सुमारास वेगवेगळी आराधना करणारे सर्व गट एकत्र आल्यावर स्त्रियांना मुख्य उत्सवात गाता येऊ लागले. काव्याच्या बाबतीत जी लढाई त्या सरकारदरबारी हरल्या होत्या ती गाण्याच्या बाबतीत त्यांनी जिंकली असे म्हणता येईल, आणि दोन्ही लढायांचा विषय एकच होता.

‘राधिका सांत्वनमु’वरील बंदी उठली ती टंगुटूरी प्रकाशम मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान असताना, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९५२ मध्ये वाविळ्ळ संस्थेने काव्याची नवी आवृत्ती काढली. त्याच वर्षी नागरत्नम्मांचे निधन झाले. त्यानंतरही बराच काळ तेलुगू वाङ्मयाच्या इतिहासांत मुद्दुपळनीचा उल्लेख ओझरता आणि संकोचाने येत राहिला. चित्र पालटले ते सूझी थारू आणि के. ललिता यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे जे दोन खंड संपादित केले त्यांमुळे. त्यांच्या प्रस्तावनेत मुद्दुपळनी आणि नागरत्नम्मा यांची कथा अग्रभागी होती. २०११ मध्ये काव्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.

त्यामुळे मुद्दुपळनीचे नाव आज भारतभर ज्ञात आहे, पण ते मुख्यतः बंदीच्या संदर्भात. तिच्या बाजूने बोलणारेही बहुधा खटल्याबद्दल बोलतात, काव्याबद्दल थोडेच. वास्तविक प्रबंधाच्या जड संस्कृतप्रचुर शैलीत तिने बोलीतील तेलुगूचा जो हलकेपणा आणला, भांडणाच्या प्रसंगांत संवादाला जी धार दिली, आणि राधेच्या मनातील माया, अभिमान व मत्सर यांचे जे चढउतार सलग पद्यांतून बांधले, त्यांचा बारकाईने अभ्यास होणे हाच तिच्यावरील अन्यायाचा खरा परिहार ठरेल. मराठी अभ्यासकांना तर यासाठी आणखी एक वाट खुली आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या काळातील मराठी नाटके, तेलुगू यक्षगाने आणि दरबारी कागदपत्रे सरस्वती महालात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. ही मराठी नाटके पाहणारे प्रेक्षक आणि मुद्दुपळनीचे काव्य ऐकणारे रसिक एकाच दरबारातले होते. मराठी नाटकांतील रुक्मिणी-सत्यभामा आणि तेलुगू काव्यातील राधा यांचे रुसवे एकमेकांच्या किती जवळचे होते, हे त्या कागदांतूनच कळू शकेल.